बरगे काढल्यावर

समुद्र घाटाखाली, बसनं अर्ध्या दिवसावर,
तरी आपल्या दूधगंगेला भरती येते, संमती.
चंद्राचा काही संबंध नाही.
वर धरणावर कुणीतरी चाक फिरवतो,
एका राज्यात सुटलेलं पाणी
दुसऱ्या राज्यात पोचतं सांजच्याला,
त्याच्या आधी निरोप पोचेलच असं नाही.

बंधाऱ्यावर पाटी आहे. कानडीत.
'ईजबारदु.' पोहू नये.
आमच्या वेळी ती वाचता येणारे
पाण्यात उतरत नसत,
आणि उतरणाऱ्यांना ती
वेलबुट्टीसारखी दिसायची.
तू दोन्ही लिपी शिकलीस. तुला सबब नाही.

बंधाऱ्याखाली पांढरा फेस एकाच जागी नाचतो बघ,
तिथं एकदा ओटीचा नारळ पडला.
तीन दिवस बुडला नाही, वाहिलाही नाही,
नुसता फिरत राहिला.
आणि वाळूवाल्यांनी काढलेले खड्डे
गुडघाभर पाण्यात उभे असतात
विहिरीसारखे, कठड्याविना.

भरमू अंबी नाव बांधून झाल्यावर
दिवेलागणीला घाटावरची पायताणं मोजायचा.
माणसं नव्हे.
'माणसं हालत्यात,' म्हणायचा,
'पायताण बसल्या जागी बसतंय.'
शेवटचं पोरगं वर आलं
की पायरी रिकामी व्हायला हवी.

मी त्याच्या हिशोबात कधीच नव्हते.
पोरींनी पोहायचं नव्हतं.
भावाचं पांगिऱ्याचं बिंडं चोरून
पाठीला बांधून शिकले मळीच्या कडेला,
आणि चपला ठेवायचे उसात,
तिसऱ्या सरीत, पाल्याखाली.

रायगोंडा आमच्याच वर्गातला.
हुबळीच्या तलावात कप जिंकून आलेला,
शाळेत टाळ्या झालेल्या.
त्या दिवशी दुपारी बंधाऱ्याचे बरगे काढले.
'नीर बिट्टार्री!' पुलावरनं एक सायकलवाला ओरडला,
पण तो शब्द खाली येईपर्यंत
पाण्याचा रंग बदलला होता.
आधी रंग. मग पोटरीला गारठा.
मग पालापाचोळा, काटक्या,
कुणाची तरी प्लास्टिकची घागर.
हा क्रम लक्षात ठेव.

मी बंधाऱ्याचा खांब धरला,
नखांत शेवाळ, तोंडात माती.
तो मात्र प्रवाहाच्या तोंडावर
सरळ पोहत राहिला.
तिरकं कापत काठ गाठायचा असतो,
ते त्यालाही ठाऊक होतं.
पण ज्याच्या नावानं टाळ्या झाल्यात
त्याला आडवं जायची लाज वाटते.

तो कुठं गेला, मी बघितलं.
डाव्या अंगाला. वाळूच्या जुन्या खड्ड्याकडं.

संध्याकाळी घाटावर एक जोड उरला,
निळ्या पट्ट्यांचा,
उजव्या अंगठ्याला खिळा मारलेला.
भरमू अंबीनं गळ टाकून
दोन दिवस उजवा काठ शोधला.
मी तोवर उसातनं घरी पोचले होते,
ओला परकर वैरणीच्या पेंढीखाली दडपून
भाकरीला बसले होते.
मला कुणी विचारलं नाही.
माझ्या चपला घाटावर नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी नदीनंच सांगितलं.

रायगोंडाची आई बाजारात भेटायची,
वांगी निवडताना माझ्याकडं बघून हसायची.
मी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे.

तू पोह. मी अडवत नाही.
फक्त चपला वरच्या पायरीवर ठेव,
रस्त्यावरनं दिसतील अशा.
भरमू जाऊन खूप वर्षं झाली,
त्याची नाव नव्या पुलाखाली पालथी पडलीय,
तिच्यावर कुत्री झोपतात.

सांजच्याला मी येते चक्कर मारत.
तुला वाटतं, गुडघ्यासाठी चालते.
एक जोड, दोन, तुझा गुलाबी.
मोजून होईपर्यंत
पाण्याकडं बघत नाही.